वकील घडतो कसा, आणि कोणाचा?

(वसई येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण आपल्याकडे रूढ आहे. ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याच्यापाशी पायरी चढावी की न चढावी हे ठरविण्याचे स्वातंत्र्य तरी असले पाहिजे. वसई तालुक्याच्या पूर्वेकडील पाड्यांतला आदिवासी कोर्टात जातो तो हौसेने नव्हे. त्याच्या नावाने समन्स निघते, जमिनीच्या फेरफाराची नोटीस येते, नाहीतर पोलीस त्याला नेऊन उभा करतात. वालीव, सातिवली, गोखिवरे येथील गाळ्यांतून राबणाऱ्या कामगाराला एक दिवस दारातच सांगण्यात येते की उद्यापासून येऊ नकोस. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्प यांसाठी राखलेल्या भूखंडांवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०२४ मधील आदेशानंतर त्या पाडण्यात आल्या आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. ह्या कुटुंबांनीही अखेर कोर्टाची पायरी चढली, परंतु ती घरे घेण्यापूर्वी नव्हे, घरावर हातोडा पडण्याच्या वेळी. खोली घेतानाच कोणी जाणत्या माणसाने भूखंडाचे आरक्षण तपासून दिले असते, नोटरीसमोरचा करार आणि नोंदणीकृत दस्त ह्यांतला फरक समजावून सांगितला असता, तर कित्येकांची आयुष्याची पुंजी वाचली असती.

असा जाणता माणूस आपल्या वस्तीत का नसतो, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. वकील ही आकाशातून पडणारी वस्तू नव्हे. तो कोठेतरी शिकतो, त्या शिक्षणाला पैसा लागतो, शिक्षण संपल्यावर काही वर्षे त्याला कोणीतरी पोसावे लागते. आणि ज्याने पोसले त्याच्या बाजूला तो स्वभावतःच झुकतो. वकिलीच्या शिक्षणाचा विचार म्हणूनच केवळ अभ्यासक्रमाचा विचार नाही, तो अर्थशास्त्राचाही आहे.

प्रथम मार्ग कसा आहे ते पाहू. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने देशभर वकिलांचा एकच वर्ग निर्माण केला. त्यापूर्वी बॅरिस्टर, ॲडव्होकेट, हायकोर्ट प्लीडर, जिल्हा प्लीडर, मुखत्यार अशी उतरंड होती. कोणत्या पायरीवरचा माणूस कोणत्या कोर्टात उभा राहू शकतो हे जन्मजात श्रेष्ठकनिष्ठतेप्रमाणे ठरलेले असे. ती उतरंड कायद्याने तरी मोडली, हे त्या अधिनियमाचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. आज बारावीनंतर पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम किंवा कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम, असे दोन मार्ग आहेत. सर्वसाधारण विद्यार्थ्याला आधीच्या परीक्षेत ४५ टक्के, इतर मागासवर्गीयाला ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्याला ४० टक्के गुण लागतात. महाराष्ट्रात २०१६ पासून सामाईक प्रवेश परीक्षा आहे आणि ती मराठीतूनही देता येते, ही गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांपैकी अनेकांना ठाऊक नसते. पदवी मिळाल्यावर महाराष्ट्र आणि गोवा वकील परिषदेकडे नाव नोंदवून सनद घ्यावयाची, आणि मग अखिल भारतीय वकील परीक्षा उत्तीर्ण व्हावयाची. ही परीक्षा प्रथम २०११ मध्ये झाली. भारतीय वकील परिषदेला अशी परीक्षा घेण्याचा अधिकार आहे की नाही हा वाद दीर्घकाळ चालला. २०२३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो परिषदेच्या बाजूने निकालात काढला.

वयाची अट हा आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा मुद्दा होय. २००८ च्या नियमांनी पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० वर्षे व तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला ३० वर्षे अशी कमाल मर्यादा घातली होती. ज्याने दहा वर्षे कारखान्यात काढली, संघटनेचे काम केले, आणि त्या अनुभवातूनच ज्याला कायद्याची ओढ लागली, त्याच्या तोंडावर दार लावणारा हा नियम होता. २०१७ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि चाळिशीतल्या माणसाचाही मार्ग मोकळा झाला. परंतु दार उघडले म्हणून आत शिरता येतेच असे नाही. वर्गातील ७० टक्के हजेरी सक्तीची आहे, आणि आठवड्याला तीस तासांचे अध्यापन अपेक्षित आहे. एके काळी मुंबईत सकाळ-संध्याकाळच्या वर्गांना बसून, दिवसा कचेरीत खर्डेघाशी करून, शेकडो माणसे वकील झाली. त्या व्यवस्थेत ढिलाई होती, पुष्कळ ठिकाणी हजेरीचा निव्वळ देखावा होता, हे खरे. तरीही नोकरी करणाऱ्याला वकील होण्याची संधी तिनेच दिली होती. शिस्तीच्या नावाने ती बंद करताना नोकरदार विद्यार्थ्याचे काय, ह्याचे उत्तर कोणी शोधले नाही.

वसईच्या विद्यार्थ्याचे भूगोलाशीही वैर आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. परंतु उच्च शिक्षणाचा ओघ अद्यापि दक्षिणेकडेच वाहतो. चर्चगेटच्या शासकीय विधी महाविद्यालयात प्रवेश मिळाला तर शुल्क अल्प, पण विरार लोकलमधून जाऊन-येऊन रोजचे तीन-साडेतीन तास खर्ची पडतात. जवळचे विनाअनुदानित महाविद्यालय घेतले तर वेळ वाचतो आणि पैसा जातो. गरिबाला वेळ आणि पैसा ह्यांपैकी एकाची निवड करावी लागते. संपन्नाला दोन्ही मिळतात. मोखाडा-जव्हारकडच्या मुलाची तर गोष्टच सोडा. त्याला आधी वसतिगृह हवे, मग महाविद्यालय.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. बंगलोरचे पहिले विद्यापीठ १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात निघाले. त्यामागील कल्पना उदात्त होती: वकिली हा केवळ व्यवसाय न राहता समाजपरिवर्तनाचे साधन व्हावा. आज महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. त्यांतील अध्यापनाचा दर्जा वादातीत आहे. परंतु प्रवेश परीक्षेचा अर्जच चार हजार रुपयांचा, तीही परीक्षा इंग्रजीतून, शिकवणीवर्गांचा खर्च त्याहून किती तरी पट, आणि वार्षिक शुल्क लाखांच्या हिशेबात. एवढा खर्च करून बाहेर पडलेला विद्यार्थी मोठ्या कंपन्यांच्या सल्लागार कचेऱ्यांकडे वळला तर त्याला दोष देण्यात अर्थ नाही. कर्ज फेडावयाचे असते. दोष त्या व्यवस्थेचा आहे, जिने समाजासाठी वकील घडविण्याची संस्था काढली आणि तिचा खर्च विद्यार्थ्याच्या बापावर टाकला.

तथापि शुल्क हा खरा अडथळा नव्हे, किंबहुना तो अडथळ्यांपैकी सर्वांत लहान आहे. शिष्यवृत्त्या आहेत, आरक्षण आहे, आणि २०२४ पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला आहे. खरा अडथळा सनद हातात पडल्यावर सुरू होतो.

ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. कोलंबिया आणि लंडन येथील पदव्या, ग्रेज इनची बॅरिस्टरी, एवढी विद्या घेऊन ते १९२३ मध्ये मुंबईत परतले, तेव्हा सनदेसाठी लागणारे पाचशे रुपये त्यांच्याजवळ नव्हते. ते नवल भथेना ह्या पारशी मित्राने दिले. सनद मिळाली, पण उच्च न्यायालयात कामे सॉलिसिटरांच्या मार्फत येत, आणि अस्पृश्य बॅरिस्टराला काम देण्यास ते तयार नसत. म्हणून अपील शाखेकडील कामे, मुफसल कोर्टांतील खटले ह्यांवर गुजराण करावी लागली. १९२५ ते १९२८ ह्या काळात ते बाटलीबॉय ह्यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात ओझरती येऊन जाते. पण अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने तिच्यापाशी थांबले पाहिजे. त्या पिढीतील एक अत्यंत विद्वान कायदेपंडित, आणि सनद घेतल्यानंतरची वर्षे त्याला शिकवणीच्या पगारावर निभावून न्यावी लागतात! १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ ह्या पुस्तकावरील खटल्यात त्यांनी ब्राह्मणेतर चळवळीतील कार्यकर्त्यांचा बचाव यशस्वीपणे केला, तो ह्याच ओढाताणीच्या वर्षांत. पुढे १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि मुंबई इलाख्यातील कायदेशिक्षणाची सुधारणा कशी व्हावी ह्यावर त्यांनी लिहिलेही. ज्याने ह्या शिक्षणाची किंमत स्वतः मोजली होती, त्याचेच ते विचार होते.

शंभर वर्षांनंतर चित्र किती पालटले? सनदेच्या शुल्कापुरते पाहिले तर ३० जुलै २०२४ हा दिवस ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अधिवक्ता अधिनियमात नोंदणीचे शुल्क सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये असे स्पष्ट लिहिले असताना राज्य परिषदा नाना नावांखाली पंधरा हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत रकमा घेत होत्या. गौरव कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ह्या जादा वसुलीला मनाई केली, आणि ही वसुली दुर्बल घटकांतील उमेदवारांच्या समतेच्या हक्कावर घाला घालते असे म्हटले. कायदा राबविणाऱ्यांचीच संस्था वर्षानुवर्षे कायद्याबाहेरची रक्कम घेत राहते, आणि ती भरणारे सर्वजण कायद्याचे पदवीधर असतात, ह्यातील विनोद कडवट आहे.

सनदेनंतरचे मोल मात्र कोणत्याही निकालाने कमी झालेले नाही. नवा वकील एखाद्या ज्येष्ठाच्या कचेरीत बसतो. तारखा घेणे, नकला काढणे, वकालतनामे भरणे, साहेब दुसऱ्या कोर्टात गुंतले आहेत असे न्यायाधीशांना सांगणे, हे त्याचे काम. मोबदला म्हणून कोठे प्रवासखर्च मिळतो, कोठे तोही नाही. ‘शिकतो आहे ना, मग पैसे कसले?’ असा सवाल केला जातो. हा सवाल सुताराच्या उमेदवाराला कोणी करीत नाही. त्याला निदान दोन वेळचे जेवण मिळते. स्वतःची पक्षकारी जमेपर्यंत चार-पाच वर्षे सहज निघून जातात. ही वर्षे कोणाला परवडतात? ज्याच्या बापाची वाडी आहे, दुकान आहे, चाळीचे भाडे येते, किंवा बापच वकील आहे, त्याला. ज्याच्या पहिल्या पगाराची वाट घरी पाच माणसे पाहत असतात, तो सनद पेटीत ठेवून एखाद्या बँकेच्या वसुली खात्यात किंवा विमा कंपनीत लागतो. त्याचे नाव परिषदेच्या यादीत राहते, म्हणून आकडेवारीत वकिलांची संख्या वाढलेली दिसते. पाड्यावर वकील दिसत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय वकील परिषदेने कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. ती केवळ शिफारस आहे. तालुक्याच्या कोर्टातील ज्येष्ठाची स्वतःची मिळकत पाहता अनेकांना ती पाळणे शक्यही नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तेथे शोषक आणि शोषित असा सरळ हिशेब मांडून चालणार नाही. पुष्कळदा दोघेही गरीब असतात.

न्यायाधीशपदाकडे जाणाऱ्या वाटेवरही हाच नाका बसला आहे. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेस बसण्यापूर्वी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. कोर्टाचा अनुभव नसलेला तरुण एकदम न्यायासनावर बसतो ह्याबद्दलची तक्रार निराधार नव्हती. निर्णयामागील तर्क समजण्यासारखा आहे. पण ती तीन वर्षे कोणाच्या खर्चाने, ह्याबद्दल कोणी बोलत नाही. भिल्ल, वारली, कातकरी समाजांतील ज्या मोजक्या पदवीधरांना परीक्षेच्या बळावर न्यायाधीश होण्याची आशा होती, त्यांच्यापुढे आता बिनपगारी तीन वर्षांची नदी आडवी आली आहे, आणि नाव कोणी ठेवलेली नाही.

आता शिकविले काय जाते ते पाहू. २००८ च्या नियमांनुसार मसुदालेखन, व्यवसायनीती, तडजोड-लवाद आणि अभिरूप न्यायालय अशा चार व्यावहारिक विषयांचा अभ्यास सक्तीचा आहे. तीन वर्षांच्या विद्यार्थ्याने किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या विद्यार्थ्याने किमान २० आठवडे प्रत्यक्ष उमेदवारी करावी लागते. प्रत्येक महाविद्यालयात विधी साहाय्य केंद्र असले पाहिजे. कागदावर ही योजना चांगली आहे. व्यवहारात अनेक ठिकाणी उमेदवारीचा दाखला ओळखीच्या वकिलाकडून मिळतो आणि साहाय्य केंद्राची पाटी तेवढी टांगलेली असते. १९९५ मध्ये परिषदेने सनदेपूर्वी एक वर्षाचे प्रशिक्षण सक्तीचे केले होते. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम परिषदेच्या अधिकाराबाहेरचे म्हणून रद्द केले. मूळ अधिनियमात प्रशिक्षणाची तरतूद होती, ती १९७३ च्या दुरुस्तीने संसदेनेच काढून टाकली होती. डॉक्टराला रुग्णालयात वर्षभर काम केल्यावाचून धंदा करता येत नाही. वकिलाचा पहिला रुग्ण हाच त्याचा प्रयोगविषय ठरतो, आणि तो रुग्ण बहुधा गरीब असतो, कारण श्रीमंत माणूस नवशिक्याकडे जात नाही.

त्याहून गंभीर उणीव निराळी आहे. पालघर जिल्ह्यातील सामान्य माणसाचा कायदा उच्च न्यायालयाच्या ग्रंथांत थोडा आणि तलाठ्याच्या दप्तरात अधिक राहतो. सातबारा, फेरफार, आकारबंद, कुळाची नोंद, पीकपाहणी, जुन्या मोडी कागदांतील खरेदीखत, ही ह्या प्रदेशाच्या न्यायाची खरी वर्णमाला. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी कुळ मालक झाले असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात कोणाचे नाव लागले आणि कोणाचे उडाले ह्यावरून तहसीलदार, प्रांत आणि महसूल न्यायाधिकरण ह्यांच्यापुढे पिढ्यानपिढ्या झगडे चालले. जमीन महसूल संहितेचे कलम ३६ आणि ३६-अ आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ नये म्हणून आहे. १९७४ चा अधिनियम गेलेली जमीन परत मिळवून देण्यासाठी आहे. २००६ चा वनहक्क कायदा कसत असलेल्या वनजमिनीवरील हक्क मान्य करण्यासाठी आहे. जमीनविषयक कायद्यांचा पेपर विद्यार्थी लिहितो, पण त्याच्या हाती कोणी खराखुरा फेरफार देऊन ‘ह्यात लबाडी कोठे आहे ते शोध’ असे म्हणत नाही. महामार्ग, रेल्वेचे रुंदीकरण, वाढते नगर, सिडकोला १९९० मध्ये दिलेला नियोजनाचा अधिकार आणि त्याविरुद्ध हरित वसईचे आंदोलन, ह्या सर्वांत जमिनीची किंमत कोठल्या कोठे गेली. ज्याला कागद वाचता येतो त्याने ती किंमत उचलली.

वेठबिगारीचे उदाहरण ह्याच दृष्टीने पाहावे. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याचे १५ वे कलम असे की, कर्ज हे वेठीचे कर्ज नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर आहे. पुराव्याचा भार उलटा फिरविणारे हे कलम म्हणजे निरक्षर माणसाच्या हातात दिलेले केवढे मोठे शस्त्र! पण ते त्याला कळले पाहिजे. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी वसई तालुक्यातील दहिसर गावच्या परिसरात विवेक आणि विद्युल्लता पंडित ह्यांनी वेठबिगार आदिवासींना संघटित केले, त्यातून श्रमजीवी संघटना उभी राहिली. मुंबईपासून हाकेच्या अंतरावर वेठबिगारी आहे हे तोवर शासन मान्यच करीत नव्हते. त्या लढ्यात कायद्याची कलमे मोर्चाच्या घोषणेइतकीच कामी आली. मुक्तीचा दाखला मिळविण्यासाठी अर्ज कसा लिहावा, जबाब देताना काय सांगावे, अधिकाऱ्याने टाळाटाळ केली तर वर कोणाकडे जावे, हे कार्यकर्त्यांनी शिकून घेतले आणि आदिवासी तरुणांना शिकविले. हेही कायद्याचेच शिक्षण होय, पदवी नसली तरी.

उत्तरेकडे डहाणू-जव्हारच्या भागात कष्टकरी संघटनेने पुढचे पाऊल टाकले. संघटनेचे प्रदीप प्रभू ह्यांनी कायद्याचा अभ्यास केला, आणि वनजमिनीवरील आदिवासींच्या दाव्यांचा प्रश्न १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला. दावे तपासताना केवळ सरकारी दप्तरावर विसंबू नये, इतर पुरावाही पाहावा, ही मागणी त्यामागे होती. पुढे वनहक्क कायद्यात ग्रामसभेला आणि वडीलधाऱ्यांच्या जबाबाला जे स्थान मिळाले, त्याची बीजे अशा झगड्यांत आहेत. त्याआधीच्या पिढीत गोदावरी परुळेकर होत्या. महाराष्ट्रातील पहिल्या महिला कायदा-पदवीधर म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पक्षभेद कितीही असोत, १९४५ मध्ये टिटवाळ्याच्या किसान परिषदेनंतर वारल्यांनी वेठ नाकारली त्यामागे ह्या बाईंचे कष्ट होते, हे समाजवाद्यांनी कधी नाकारलेले नाही. त्यांनी कोर्टात धंदा केला नाही. परंतु हक्क आणि मेहेरबानी ह्यांतला भेद त्यांना नेमका ठाऊक होता.

आपल्या स्वतःच्या परंपरेत मधू लिमये आहेत. नोव्हेंबर १९६८ मध्ये बिहारमधील लखीसराय स्थानकावर त्यांना अटक झाली. अटकेची कारणे सांगण्यात आली नाहीत. त्यांनी तुरुंगातूनच सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाचा भंग झाल्याचे न्यायालयाने मान्य केले आणि त्यांची सुटका झाली. मधू लिमये सनदी वकील नव्हते. पण संविधानाचा अभ्यास त्यांनी असा केला होता की त्यांचे नाव कायद्याच्या निवाडासंग्रहांत कायमचे राहिले, आणि विद्यार्थी ते आजही वाचतात. कार्यकर्ता कायदा शिकू शकतो, ह्याला आणखी वेगळा पुरावा नको.

असे असले तरी ‘मग सनद कशाला, कार्यकर्तेच पुरेत’ हा युक्तिवाद काही मित्र करतात, तो मान्य करता येत नाही. कामगार न्यायालयात संघटनेचा पदाधिकारी कामगाराची बाजू मांडू शकतो, ही सवलत १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने दिली होती आणि नव्या संहितेतही ती आहे. महसुली अधिकाऱ्यापुढे अर्ज देण्यासही सनद लागत नाही. परंतु वसईच्या सत्र न्यायालयात जामिनाचा अर्ज कार्यकर्त्याला चालविता येत नाही. साक्षीदाराची उलटतपासणी त्याला घेता येत नाही. मनाईहुकूम त्याला मागता येत नाही. तेथे सनदच लागते. आणि सनदी वकील भाड्याने आणला, तर तो आज आपल्याकडे, उद्या बिल्डरकडे. त्यात त्याची काही चूक नाही, तो त्याचा धंदा आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, कोठडीतील माणसे, औद्योगिक कामगार ह्यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि तालुका समितीकडे तो मागितलाच पाहिजे. पण त्या यादीवरचा वकील ज्या वर्गातून येतो तो वर्ग बदलल्याशिवाय हा हक्क पुष्कळदा उपचारच राहतो.

भाषेचा प्रश्न ह्याच्याशी जोडलेला आहे. १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरली. घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदामुळे उच्च न्यायालयाचे काम मात्र इंग्रजीत चालते, म्हणून महाविद्यालये इंग्रजीकडे झुकतात, चांगली पुस्तके इंग्रजीत निघतात, आणि मराठी माध्यमाचा विद्यार्थी बाजारातील प्रश्नोत्तरांच्या स्वस्त पुस्तिकांवर पोसला जातो. वारली किंवा कातकरी मुलाला तर प्रमाण मराठीसुद्धा शिकावी लागते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम अमलात आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. ज्येष्ठ आणि कनिष्ठ दोघांनाही आता नव्याने वाचावे लागत आहे. नवागताला अशी संधी क्वचितच मिळते. ह्या संहितांवर सोप्या, नेमक्या मराठीत टिपणे तयार करणे हे पक्षाच्या अभ्यासमंडळांना सहज करता येण्यासारखे काम आहे.

शेवटी हिशेब. दहा तरुण वकिलांना, त्यांत निम्म्या तरी मुली असाव्यात, सनद मिळाल्यापासून तीन वर्षे दरमहा १०,००० रुपये द्यावयाचे ठरविले, तर महिन्याला एक लाख लागतात, तीन वर्षांत ३६ लाख. आकडा ऐकून कार्यकर्ते दचकतात. परंतु वसई, नालासोपारा, विरार, पालघर, बोईसर ह्या पट्ट्यात दोन हजार हितचिंतक दरमहा ५० रुपये देणारे निघाले, तर रक्कम जमते. एका निवडणुकीच्या प्रचारसभेवर ह्याहून अधिक खर्च झाल्याची उदाहरणे सर्वांना माहीत आहेत. ह्या पैशाच्या बदल्यात वकिलाने काय द्यावे तेही स्पष्ट असावे: आठवड्यातून दोन दिवस तहसील आणि प्रांत कचेरीत पक्षकारांसाठी बसणे, महिन्यातून एकदा पाड्यावर किंवा औद्योगिक वसाहतीत कागद तपासण्याची बैठक, आणि आपल्या हाताखाली एका विद्यार्थ्याची खरीखुरी उमेदवारी. पक्षाचे सभासदत्व ही अट असू नये. ती घातली की निवडीत गट शिरतात आणि निधी बुडतो. सहकारी चळवळीत हे पुरेसे पाहून झाले आहे.

तीन वर्षांनंतर त्यांतले चार जण बिल्डरांकडे जातील, असा आक्षेप येईल. जातील. उरलेले सहा राहिले तरी आज आहे त्याहून सहा अधिक.

ह्या कामाची सुरुवात सनदेपासून नव्हे, दाखल्यांपासून होते. पाड्यावरची मुलगी पदवीधर होते, परीक्षा देते, यादीत नाव लागते, आणि जात वैधता प्रमाणपत्र वेळेत न मिळाल्यामुळे जागा हातची जाण्याची वेळ येते. आजोबांच्या शाळेचा दाखला, जुना सातबारा, गावनमुन्यातील नोंद, हे कागद जुळविण्यास महिने लागतात. शाखांच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या गावातील पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्या मुलामुलींची यादी करावी, प्रत्येकाजवळ कोणता कागद आहे आणि कोणता नाही हे तिच्यासमोर लिहावे, आणि प्रवेश परीक्षेचे अर्ज निघण्यापूर्वी ती यादी तालुका कचेरीकडे पोचवावी.